मागचं टोक

पूल वाहून गेला त्या दिवशी शेजारच्या रेडिओने दारोदार जाऊन सांगितलं, की आठ दिवसांत नवा पूल उभा राहतोय. कुठलीही बातमी पहिल्यांदा त्याच्याच तोंडून निघायची, म्हणून लहानथोर सगळे त्याला रेडिओ म्हणत. महिना उलटला तरी त्याचे आठ दिवस काही संपत नव्हते. नदीत जुन्या पुलाचे दोन खांब तेवढे उभे होते आणि त्यांच्यावर बगळे बसत होते. पलीकडच्या काठावर सुनेच्या नवऱ्याचा टेम्पो उभा असायचा. तो अलीकडून स्वच्छ दिसायचा, पण बघण्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता.

पुलाबरोबर विजेचे खांबही गेले होते. मोटर, मिक्सर, पंखा, चारा कापायचं यंत्र, सगळं जागच्या जागी मुकं झालं. फ्रीजमध्ये सासूने कोंबड्यांच्या दाण्यांचा डबा ठेवून दिला. तिथे उंदीर पोचत नाहीत, म्हणाली, आणि एवढ्या वर्षांत या कपाटाचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला. सुनेला ते लागलं, कारण फ्रीज तिच्या हट्टाने आला होता. ती कळशी उचलून विहिरीवर गेली आणि दोर जरा जास्तच जोराने ओढला.

घरात दोघीच होत्या. नवरा पलीकडे अडकला होता, म्हणजे अडकला असं तो म्हणायचा. बाजारातल्या एका व्यापाऱ्याचा माल वाहायचा, तिथेच गोदामाशेजारी झोपायचा आणि पाणी ओसरेल त्या दिवशी नदीच्या उथळ उतारातून चालत येऊन भेटून जायचा. पूल होता तेव्हा तो रोज सकाळी दुधाची किटली टेम्पोत टाकून डेअरीवर उतरवून पुढे जायचा. गाई तीन होत्या: ढवळी, बांडी आणि एक नुसतीच थोरली. पूल गेला म्हणून त्यांनी दूध द्यायचं थांबवलं नाही.

आता दूध पोचवायला एकच वाट उरली होती. घरामागची जुनी पायवाट खिंड चढून डोंगरापलीकडच्या रस्त्याला उतरायची आणि तिथे वळणावरच्या पत्र्याच्या शेडपाशी डेअरीची गाडी उभी राहायची. मापाडी तिथे दूध मोजून घ्यायचा. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की दूध रोज आलं पाहिजे, सतत खाडे पडले तर तो या वळणावर गाडी थांबवणार नाही. आणि गाडी थांबली नाही, तर त्या दुधाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. गावात ज्याच्या त्याच्या दारी गाय होती.

नवऱ्याचं म्हणणं होतं, की गाई विकून टाकाव्यात. सुनेचंही तेच म्हणणं होतं, फक्त ती ते सासूसमोर म्हणत नव्हती. पूल जायच्या आधीच दोघांनी बाजाराजवळ एक खोली बघून ठेवली होती. खोलीत नळ होता. तोटी फिरवली की पाणी, बटण दाबलं की उजेड आणि दाराशी टेम्पो. सून त्या नळाचं स्वप्न बघायची, इतकं की झोपेत तिला पाण्याचा आवाज यायचा. पण गाई होत्या तोवर सासू हलणार नव्हती, आणि सासूला एकटीला टाकून जायला नवऱ्याचं मन घेत नव्हतं. सगळं घोडं तिथे अडलं होतं. मुलाने विषय काढला तेव्हा सासूने एकच वाक्य ऐकवलं होतं.

"ज्या दिवशी मला झेपणार नाही, त्या दिवशी मी माझ्या हाताने दावं सोडीन. तोवर बोलायचं नाही."

तेव्हापासून घरात त्यावर कुणी बोललं नव्हतं. पण सून मनातल्या मनात त्या दिवसाची वाट बघत होती. म्हातारी आज ना उद्या थकेल, आपण होऊन म्हणेल नको, आणि सुंठीवाचून खोकला जाईल.

किटली वाहायला सासूने आढ्याला टांगलेला दांडा खाली काढला. पूल नव्हता त्या काळात, म्हणजे सुनेचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, सासू आणि सासरे याच दांड्याला किटली अडकवून खिंड चढायचे. पुढे पूल झाला, सासरे गेले आणि दांड्यावर धुणं वाळू लागलं. चांगला जाडजूड, चिवट लाकडाचा, खांद्यावर ठेवून ठेवून गुळगुळीत झालेला. दोर सरकू नये म्हणून त्याला एक खाच पाडलेली होती. दोर सासू स्वतःच बांधायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. सुनेने पुढे राहायचं आणि सासूने मागे, हेही पहिल्या दिवशीच ठरून गेलं.

"मागचं टोक माझं," सासू म्हणाली.

सुनेने ओळखलं. पुढे बैल आणि मागे हाकणारा.

पहिल्या दिवशी तर फजितीच झाली. शाळेत कवायतीला शिकवलं होतं, की दोघांनी मिळून चालायचं तर पावलाला पाऊल जुळलं पाहिजे. सून मनात एक-दोन, एक-दोन म्हणत चालली होती. मागे सासूचं पाऊल चुकलंसं वाटलं, की ती थबकायची आणि पुन्हा जुळवून घ्यायची. थोड्या वेळाने सासू पुन्हा चुकायची. म्हातारपणाने पायात ताल उरलेला नाही, असं सुनेला वाटलं आणि तिने धीर न सोडता सबंध चढभर पाऊल जुळवलं. किटली झोपाळ्यावर बसवल्यासारखी झुलत होती. सासू मागून काहीतरी म्हणत होती, पण चढणीला तिच्या श्वासात शब्द उरत नव्हते.

शेडपाशी मापाड्याने झाकण काढलं आणि नुसताच आत बघत राहिला. मग त्याने पळी घातली. पळीत पिवळे कण तरंगत होते.

"काकू, दूध आणायचं होतं," तो म्हणाला. "तुम्ही तर लोणी काढूनच आणलंत."

गाडीचा ड्रायव्हर हसला, दूध घेऊन आलेले दुसरे दोघे हसले. दूध परत केलं गेलं. भरलेली किटली तशीच खांद्यावर घेऊन दोघी माघारी निघाल्या. खिंडीत दम खायला टेकल्या तेव्हा कुठे सासूला बोलायला सवड मिळाली.

"पावलं जुळवायची नसतात," ती म्हणाली. "दांड्यावर पावलं जुळली की ओझं झुलतं. तू डावा टाकलास की मी उजवा टाकायचा. मी मोडत होते, तर तू जुळवून घेत होतीस. एवढं जुळवून घेणं घरात दाखवलं असतंस तर."

सुनेला हसू आलं होतं, पण शेवटचं वाक्य ऐकून ते जागच्या जागी विरलं. घरी आल्यावर तिने ते दूध हातानेच घुसळलं. निम्मं काम वाटेनेच केलं होतं, त्यामुळे लोणी लवकर आलं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र किटली स्थिर राहू लागली. पावलं मोडून चालायची सवय व्हायला वेळ लागला. पाय आपोआप जुळायला बघायचे आणि त्यांना अडवावं लागायचं. पुढे सवय झाली. दिवसांना एक वळण पडलं. पहाटे उठून धारा काढायच्या. विळ्याने चारा बारीक करायचा, त्यात सुनेच्या तळहाताला आधी फोड आले आणि मग घट्टे पडले. विहिरीचं पाणी भरायचं. ऊन वर यायच्या आत खिंड चढायची, किटली रिकामी करायची आणि येताना पेंडीचं पोतं, नाहीतर किराणा त्याच दांड्याला लटकवून आणायचा. दुपारी कपडे दगडावर आपटायचे, संध्याकाळी पुन्हा धारा. दिवेलागणीला दोघी जेवून आडव्या व्हायच्या, कारण उजेड नसला की जागं राहण्यासारखं काही उरत नाही. संध्याकाळचं दूध विहिरीत गार पाण्यात सोडून ठेवायचं आणि सकाळच्या दुधात मिसळायचं, हे सुनेला नवं होतं. फ्रीज नव्हता तेव्हा लोक काय करत असतील, हा प्रश्न तिला आजवर पडलाच नव्हता.

एकदा रस्त्यावर एक मोटार थांबली. आतल्या माणसांनी काच खाली करून दोघींचा फोटो काढला. एक बाई गोड हसून म्हणाली, किती छान, अजून असं चालतं इकडे. सासूने कपाळावरचा घाम पुसला आणि त्या बाईकडे मान हलवून हसली सुद्धा. सुनेने तोंड फिरवलं. टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसून तिनेही अशी वाहणारी माणसं पुष्कळ पाहिली होती. फोटो काढला नव्हता एवढंच, पण बिचारी म्हणून खिडकीतून नजर काढून घेतली होती. दिवसभर तिला ते आठवत राहिलं.

सासू थकत चालली होती, हे सुनेला ऐकू येत होतं. पुढे असल्यामुळे दिसत काही नव्हतं, पण मागचा श्वास रोज जरा वाढायचा. आधी दोघी खिंडीतच टेकायच्या, आता अर्ध्यावर एका सपाट धोंड्यापाशीही सासू थांब म्हणायची. घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून उजव्या खांद्याला तेल चोळायची. सुनेने एकदा ओझरता पाहिला, खांदा सुजून लाल झाला होता. मी चोळून देऊ का, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण मग तिच्या मनात आलं, आता फार दिवस नाहीत. ते मनात आलं म्हणून तिची तिलाच लाज वाटली, आणि लाज वाटली तरी ते मनातून गेलं नाही.

दुसऱ्या सकाळी ती जरा भराभर चालली. फार नाही. कुणी विचारलं असतं तर ऊन चढतंय म्हणून सांगता आलं असतं, इतपतच. मागचा श्वास घरघरला, पण सासू हळू चाल म्हणाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सुनेला तिचा राग येऊ लागला. आपल्याला एवढं जड जात नाही आणि हिला जातं, तर हिने कबूल का करू नये? एवढा कसला ताठा? घरात तिच्या ताठ्याला सगळे कंटाळले होते, गाईसुद्धा.

मग तो पेंडीच्या पोत्याचा दिवस आला.

दूध देऊन झालं होतं. पोतं दांड्याला बांधून दोघी निघणार, एवढ्यात मापाड्याने सासूला हाक मारली. किटलीचं झाकण शेडमध्येच राहिलं होतं. सासू आत गेली तशी सुनेला युक्ती सुचली. ती उठून दांड्याच्या मागच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. आज आपण मागे. मागून आपण हाकायचं, म्हणजे वेग आपल्या हातात, आणि पुढे चालण्यात काय सुख असतं ते म्हातारीलाही कळू दे.

सासू झाकण घेऊन आली आणि थबकली. "ते माझं टोक आहे."

"नाव कोरलंय का त्यावर?" सून म्हणाली.

एरवी सासूने असं बोलणं खाली पडू दिलं नसतं. आज तिने नुसतं सुनेकडे पाहिलं, झाकण पोत्यावर ठेवलं आणि पुढच्या टोकाखाली खांदा दिला. दांडा उचलला गेला.

पहिल्या वीसेक पावलांत सुनेला वाटलं, पोत्यात आज पेंड जास्त भरलीय. मग चढ सुरू झाला आणि पोतं मागे रेलून तिच्या अंगावर यायला लागलं. दांडा खांद्याच्या हाडात रुतत होता. मान वाकडी झाली. तिला पुढे हाकायचं होतं, पण तिचेच पाय उचलत नव्हते. पुढे सासू चालत होती, हळूच, पण गेल्या कित्येक दिवसांत चालली नव्हती इतकी ताठ. सुनेने दात आवळले. म्हातारी रोज हे करते आणि आपण दहा मिनिटांत हरायचं? ती अर्ध्यावरच्या धोंड्यापर्यंत कशीबशी पोचली आणि न विचारता तिनेच दांडा खाली ठेवला.

दांडा जमिनीवर आडवा पडला होता आणि दोर खाचेत होता. सुनेने आजवर तो असा मागे उभं राहून कधी पाहिलाच नव्हता. कायम तिची त्याला पाठ असायची. तिने खाली बसून आपल्या टोकापासून खाचेपर्यंत वितीने मोजलं. मग पलीकडच्या टोकापासून मोजलं. मग विश्वास बसेना म्हणून पुन्हा एकदा मोजलं. खाच मध्यावर नव्हतीच. ती मागच्या टोकाकडे चांगली सरकलेली होती.

म्हणजे इतके दिवस ओझं सासूकडे जास्त होतं. त्यात चढ, आणि चढाला मागच्यावरच भार येतो. आपल्याला जड जात नव्हतं ते आपण तरुण म्हणून नव्हे. आपल्या वाट्याचंसुद्धा मागची ओढत होती, आणि वर आपण भराभर चाललो होतो. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात, ते असं. सुनेचं तोंड उन्हाने आधीच लाल होतं, म्हणून बाहेरून फरक पडला नाही.

सासू धोंड्यावर बसून झाकणाने वारा घेत होती. मोजणं तिने पाहिलं होतं, पण ती बगळ्यांकडे बघत राहिली. नदी डोंगराला वळसा घालत होती, म्हणून इथूनही नदीतले खांब दिसायचे.

"आई, तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?"

"हेच. खाचेचं."

सासूने झाकण मांडीवर ठेवलं. मग ती सांगू लागली, खांब बघत बघतच. लग्न होऊन आले तेव्हा मी तुझ्याहूनही बारीक होते, म्हणाली. खिंडीच्या चढाला रडू यायचं. सासऱ्यांनी हा दांडा तिच्यासाठीच केला, खाच पाडली आणि सांगितलं, तू पुढे राहायचं, मी मागे. तेव्हा तिनेही भांडण काढलं होतं, की मला बैलासारखं मागून का हाकता. दोन-तीन वर्षं ती त्यावरून टोमणे मारत होती आणि ते ऐकून घेत होते. मग एकदा त्यांना ताप भरला होता. हिने हट्टाने मागचं टोक घेतलं, तेव्हा कळलं.

"मग तुम्ही विचारलंत?"

"विचारलं ना. हे असं कसं, म्हटलं." सासूच्या तोंडावर हसू आलं. "तर म्हणाले, सुतार चुकला असेल. दांडा तर त्यांनी स्वतःच तासला होता. सुतार कुठून आला?"

दोघीही हसल्या. मग सासू उठली, आणि सुनेला काही कळायच्या आत मागच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

"त्यांनी मला सांगितलं नाही," ती म्हणाली. "मग मी तुला कशाला सांगू? उचल."

सुनेने तिच्याशी हुज्जत घालून पाहिली, पण सासूने दांड्याखालून खांदा काढला नाही. त्या दिवशी सून इतकी हळू चालली, की घरी पोचेपर्यंत बांडी ओरडायला लागली होती.

चार दिवसांनी नवरा आला. वरच्या धरणातून संध्याकाळी पाणी सोडतात, म्हणून भर दुपारी, चपला हातात घेऊन, गुडघाभर पाण्यातून चालत आला. येताना साबण, आगपेट्या आणि चार्ज करून ठेवलेली बॅटरी आणली होती. चहा झाला. त्याने आईचा खांदा पाहिला. तेल चोळताना अंगावरचं फडकं सरकलं होतं आणि सूज आता मानेपर्यंत चढली होती. त्याने नजर खाली घातली आणि मग हळूच विषय काढला. पलीकडच्या गावात एक गिऱ्हाईक आहे, चांगला माणूस आहे, तिन्ही गाई एकत्र घेईल. पाणी असंच कमी राहिलं तर उद्याच उतारातून पार करता येतील.

सून चुलीपाशी बसली होती. आता सासू उसळेल, अशी तिची खात्री होती. पण सासूने कप खाली ठेवला आणि गोठ्याकडे बघत बोलली.

"ने," ती म्हणाली. "मी बोलले होते. झेपणार नाही त्या दिवशी दावं सोडीन म्हणून. रात्री कुशीवर वळता येत नाही मला. नाही झेपत आता."

नवऱ्याने ती पडत्या फळाची आज्ञा मानली. बायकोकडे पाहून त्याने डोळ्यांनीच सांगितलं, झालं एकदाचं. ज्या दिवसाची दोघं वाट बघत होती तो दिवस असा चहाच्या कपाबरोबर समोर येऊन बसला होता. सुनेने फक्त गप्प राहायचं होतं. नळ होता, उजेड होता, दाराशी टेम्पो होता. ती चुलीतलं लाकूड मागेपुढे करत राहिली. आणि मग ते लाकूड बाहेर ओढून तिने राखेत विझवलं.

"गाई जायच्या नाहीत," ती म्हणाली.

"अगं, तूच तर म्हणत होतीस—"

"म्हणत होते. तुमच्याजवळ म्हणत होते, आता आईंसमोर सांगते. मला त्या खोलीत जायचंय. अजूनही जायचंय." तिने राखेचे हात पदराला पुसले. "पण त्यांना झेपत नाही हे खोटं आहे. त्यांच्या वाट्याचं त्यांना झेपत होतं. माझ्याही वाट्याचं त्याच ओढत होत्या, म्हणून खांदा गेला. असं जिंकून मला काही नको. पूल होऊ दे, मग मी भांडेन. गाई गोठ्यात उभ्या असतील आणि यांचा खांदा धड असेल, तेव्हा भांडेन."

नवऱ्याला यातलं निम्मंच कळलं. कसला वाटा, कुणी काय ओढलं, त्याने विचारलं, पण दोघींपैकी कुणीच फोड करून सांगेना. सासू सुनेकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तिला काही सुचत नव्हतं, म्हणून ती मुलावरच खेकसली, की पाणी सुटायची वेळ झाली, निघायचं नाही का. तो उठला. दारात चपला हातात घेताना बायकोला हळूच म्हणाला, की गिऱ्हाइकाला काय सांगू? ती म्हणाली, सांगा पुलावरून ये. संध्याकाळी तिने सासूचा खांदा गरम पाण्याने शेकला. सासूने आधी नको म्हटलं, मग डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी धारा झाल्यावर सासू तोंड धुवायला विहिरीवर गेली. सुनेने तेवढा वेळ साधला. दांडा नुसता उलटा फिरवून भागलं नसतं. सासूच्या टोकाला खांद्याने गुळगुळीत झालेली जागा होती, ती तिने डोळे मिटूनही ओळखली असती. सून परसात बसली, दांडा गुडघ्यांमध्ये धरला आणि कोयत्याने नवी खाच पाडली. जुनी खाच मध्यापासून जेवढी मागे होती तेवढीच ही पुढे. लाकूड चिवट होतं आणि तिचा हात या कामातला नव्हता. खाच जरा वाकडी झाली, एका बाजूला कपचा निघाला. तिने कुसळं घासून काढली, ढलप्या चुलीत टाकल्या आणि दोर नव्या खाचेत बसवून किटली बांधून टाकली.

सासू आली. दोर बांधलेला बघून तिच्या कपाळावर आठी आली, पण ऊन वर येत होतं. सून पुढच्या टोकाशी जाऊन पाठ करून उभी होती, रोजच्यासारखी. सासूने आपली गुळगुळीत जागा चाचपली, सुजलेला खांदा सोडून दुसरा खांदा दिला आणि दोघींनी किटली उचलली.

परसातून वाटेला लागल्या. सुनेला ओझं चांगलंच जाणवत होतं, मान आपोआप खाली जात होती. एक पाऊल हिचं, एक तिचं, मोडून मोडून चाललेली. चढ लागला तिथे मागचं पाऊल थांबलं. सूनही थांबली. मागे वळता येत नव्हतं, पण दांड्यातून तिला कळत होतं, की सासूचा हात लाकडावरून सरकत पुढे येतोय, जुन्या खाचेपाशी थांबतोय, पुढे येतोय आणि ताज्या कापलेल्या खाचेवर थांबतोय.

 खाली विहिरीजवळून रेडिओचा आवाज येत होता, तो कुणाला तरी आठ दिवस सांगत होता.

"हे काय गं?" सासूने शेवटी विचारलं. आवाज नेहमीसारखा करडा काढायचा तिचा प्रयत्न होता, पण तो तिला जमला नाही.

सुनेने पुढे बघतच खांद्यावरचा दांडा नीट केला.

"सुतार चुकला असेल, आई," ती म्हणाली. "चला, गाडी निघून जाईल."